टेस्टच्या निकालांसाठी घरचा सर्व्हर : नोंद तिसरी

मागच्या नोंदीपर्यंत नुसतं मशीन घरी आलं होतं. आता त्यावर निकाल पडायला लागलेत आणि अपेक्षेप्रमाणे घोळही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मराठी शब्दांसाठी मी हौसेने एक पायथन लायब्ररी लिहितोय. शब्दाची अक्षरं सुटी करणं, ‘ह’नंतर ‘ळ, क्ष, ज्ञ’ असा आपला वर्णक्रम लावणं, आकडा अक्षरी लिहिणं, एवढंच तिचं काम. तिच्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या छोट्या चाचण्या, आता २,३०० झाल्यात. रात्री त्या रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा संगणकावर चालतात आणि दिवसा लॅपटॉपवर, प्रत्येक कमिटला (कोडमधला बदल नोंदवला की). आधी निकालाची एक्सएमएल फाइल एका फोल्डरात पडायची आणि नवी जुनीच्या उरावर बसायची. त्यामुळे टेस्ट आज फुटली हे कळायचं. कधीपासून फुटतेय, ते विचारायची सोय नव्हती. म्हणून सगळे निकाल साठवणारा हा सर्व्हर.

मशीन म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना ऑफिसचा मिनी पीसी. आय५-६५००टी, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. नुसता बसलेला असताना प्लगच्या मीटरवर ११ वॉट दिसतात, म्हणजे महिन्याला साधारण ८ युनिट. पुस्तकांच्या कपाटावर ठेवलाय. आईने दुसऱ्याच दिवशी विचारलं, “अरे, कपाटावर काय घोंघावतंय रे?” पंखा साफ केला, घोंघावणं थांबलं.

डेबियन १२ (लिनक्स) टाकलं. डेटाबेस आधी एसक्यूलाइट, तोही शेअर केलेल्या फोल्डरात. चूक माझीच. त्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरात लॉकचा भरवसा नाही, हे एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पाय आणि लॅपटॉप एकदम आले की ‘डेटाबेस इज लॉक्ड’. दोन दिवस सोसलं आणि पोस्टग्रेस १५ हा मोठा डेटाबेस लावला. टेबलं तीनच : रन (सगळ्या टेस्टची एक फेरी), टेस्ट, निकाल. दिवसाला सरासरी सात रन धरल्या तर १६,१०० ओळी, वर्षाला ५९ लाखांच्या आसपास. पोस्टग्रेसला हे काहीच नाही.

प्रत्येक रनची मूळ एक्सएमएल फाइल जीझिपने दाबून लहान करून रन-नंबरच्या नावाने ठेवायची, हे मात्र पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. ते कामी आलं. माझी स्क्रिप्ट फक्त ‘फेल्युअर’ हा टॅग बघत होती. पायटेस्टमध्ये (टेस्ट चालवणारं पायथनचं साधन) टेस्टच्या आधीची तयारीच कोलमडली तर टॅग पडतो ‘एरर’. असे सगळे निकाल माझ्याकडे आठवडाभर ‘पास’ म्हणून जमा होत होते! फाइली जाग्यावर होत्या, म्हणून स्क्रिप्ट सुधारून सगळ्या पुन्हा भरल्या. अर्ध्या तासाचं काम.

मग लाइट गेली. रात्री साडेदहाला गेली ती पहाटे चारला आली. सर्व्हर, पाय, राउटर सगळे उठले, पण ज्यावरून ते वेळ जुळवतात ते इंटरनेट नऊपर्यंत आलंच नाही. सकाळी बघतो तर पायने चारनंतर चालवलेली रन रात्री पावणेअकराची म्हणून नोंदलेली. मिनी पीसीचा सीमॉसचा सेल (मशीन बंद असताना घड्याळ चालवणारा) मेलेला होता, आणि पाय ४ ला स्वतःचं घड्याळच नसतं. अशा वेळी सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) शेवटची साठवलेली वेळ उचलून तिथूनच पुढे मोजायला लागतं. वर्ष १९७०, म्हणजे लिनक्सच्या घड्याळाचं शून्य, दिसलं असतं तर लगेच लक्षात आलं असतं. पावणेअकरा हे अगदी खरं वाटण्यासारखं. दोन्ही मशीनं एकमेकांशी जुळवून खोटं बोलत होती.

सीआर २०३२ सेल घड्याळवाल्याकडून आणून बसवला. पायवरची रन आता वेळ जुळल्याशिवाय सुरू होत नाही. त्यासाठी ‘टाइम-वेट-सिंक’ ही सेवा चालू केली आणि रनला ‘टाइम-सिंक’च्या मागे उभं केलं. क्रम लावायचा तर रन-नंबरवरून. वेळ फक्त दाखवण्यापुरती.

आता ज्यात दोन संध्याकाळी गेल्या ते. एकाच रनमध्ये ‘दुसऱ्या’ या शब्दाची टेस्ट पासही होती आणि नापासही. मला वाटलं, टेस्ट समांतर चालतात म्हणून काहीतरी गोंधळ होतोय. एकेक करून चालवल्या, तरी तेच. शेवटी वैतागून पोस्टग्रेसला टेस्टच्या नावातल्या त्या शब्दाची लांबी विचारली, म्हणजे त्यात युनिकोडचे संकेतांक (प्रत्येक चिन्हाचा ठरलेला नंबर) किती ते : एक ७, दुसरी ८. मित्राने पाठवलेल्या शब्दयादीत ‘र, हलन्त आणि न दिसणारा जोडक’ असा जुन्या पद्धतीचा ‘ऱ्या’ होता. माझ्यात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या रीतीने लिहिलेलं असलं तर एका रूपात आणायची पद्धत, तीसुद्धा हे दोन एक करत नाही.

आणि यात गंमत अशी की पायटेस्ट मुळात अशी नावं देवनागरीत दाखवतच नाही, संकेतांक छापतं. मला ते डोळ्यांना बरं दिसेना, म्हणून मीच ती सोय बंद केली होती. त्या सेटिंगच्या नावातच ‘कम्युनिटी सपोर्टवरचे सगळे हक्क सोडतो’ असं कबूल करून घेतात. मी हसत हसत कबूल केलं होतं. संकेतांक राहू दिले असते तर दोन मिनिटांत सापडलं असतं.

सेटिंग पूर्ववत केलंय. शब्द मात्र एकसारखे करून साठवलेले नाहीत, कारण जुना ‘ऱ्या’ ओळखणं हेच तर लायब्ररीचं एक काम आहे. नापास झालेली टेस्ट खरीच नापास होती. ती अजून तशीच आहे, रन ३१२ पासून. एवढं आता सांगता येतं.

पीजी-डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) रोज रात्री दोनला बाहेरच्या डिस्कवर जातोय. त्यातून परत उभं करून अजून बघितलेलं नाही. ते या रविवारी, जुन्या लॅपटॉपवर.