पेन्सिलीने उठवलेला नंबर

नोव्हेंबरातला रविवार, रात्रीचे पावणेबारा.

नागपूरजवळच्या काटोलहून परतायला संध्याकाळ झाली. हात तीनदा धुतले, तरी नखांतलं काळं ग्रीस गेलेलं नाही. समोर वहीत एक कागद आहे आणि त्यावर पेन्सिल घासून उठवलेला एका जुन्या गाडीचा नंबर. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

रोज रात्री घरातली झोपली की मी जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघतो. चार वर्षं झाली. शोधायची नावं ठरलेली आहेत: हेराल्ड, गॅझेल, कॉन्टेसा, डॉल्फिन, गोव्यात बनलेली ती फायबरची दोन सीटवाली सॅन स्टॉर्म. स्पेलिंग चुकवूनही शोधतो. ज्याच्या वाड्यात आजोबांची गाडी पडून आहे, त्याला तिचं नाव नीट लिहिता येईलच असं नाही. एकदा नुसतं ‘स्टँडर्ड कंपनीची जुनी कार, इंजिन जाम’ एवढंच लिहिलेलं होतं. मला अशाच जाहिराती खऱ्या वाटतात. ‘विंटेज’, ‘रेअर’, ‘शौकिनांसाठी’ असं ज्यांत ओरडून लिहिलेलं असतं, त्यांत १९९६ ची पद्मिनीसुद्धा विंटेज असते. इंग्लंडातले जुने क्लब १९१९ ते १९३० मधल्या गाडीलाच विंटेज म्हणतात. आपल्याकडे २०२१ च्या केंद्राच्या नियमाने पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली खासगी गाडी विंटेज ठरते. पद्मिनीवर माझा राग नाही. तिला तिच्या वयाने ओळखावं, एवढंच.

माझा जीव हेराल्डवर आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ मध्ये ती आपल्याकडे आणली. मूळ गाडी इंग्लंडच्या ट्रायम्फची आणि रेखाटणारा इटलीचा जिओव्हानी मिकेलॉटी. लोक तिला म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी समजतात. पण १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, हेराल्डचीच, फक्त पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साडेआठ इंचांनी कमी केलेलं. पुढचं सस्पेन्शन तेच, मागे स्प्रिंगचा आडवा एकच पाटा तोच, रेखाटणाराही तोच. मी परदेशातल्या स्पिटफायरच्या जाहिरातीही वाचतो. तिकडे प्रत्येक जण दाराखालच्या पत्र्याबद्दल विचारतो, कारण चासीचे बाजूला निघणारे आधाराचे हात काढून टाकल्यावर स्पिटफायरमध्ये तो पत्राच वजन पेलतो. हेराल्डमध्ये ते हात शाबूत आहेत. म्हणजे आपल्या गावाकडच्या गोठ्यांत जी उभी आहे, ती त्या स्पोर्ट्स कारची थोरली बहीण आहे, आणि हाडाने जास्त मजबूत आहे. हे मला फार मोलाचं वाटतं.

फोटो कसे बघायचे, हे हळूहळू कळत गेलं. आधी मी रंग बघायचो. आता दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट बघतो. वर बारीक आणि खाली रुंद असेल, तर चासी खचलेली असते. रंगाखाली तांदळाएवढे फुगवटे दिसले, तर आत पुट्टी आणि पुट्टीखाली गंज. टायरच्या बाजूने गवत उगवलंय की टायरमधूनच वर आलंय, यावरून गाडी कधीची उभी आहे ते कळतं. मुंबईच्या गाडीचा फोटो कितीही देखणा असला तरी मी थांबतो. खारी हवा पत्रा आतून खाते. आपल्याकडचा उन्हाळा ४५ च्या वर जातो, त्याने रबर तडकतं, डॅशबोर्ड फाटतो, सीटचा फोम हातात पीठ होऊन येतो. पण लोखंड टिकतं. रबर पुन्हा मिळतं.

मात्र एक फोटो कुणीच टाकत नाही. आरसीचा, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकाचा. इंजिनाचे चार, डिक्कीचे दोन, स्टिअरिंगचा एक, आणि कागदांबद्दल फक्त ‘पेपर नंतर बोलू’. मागच्या वर्षी मी अशीच एक गाडी सोडली. सगळी धड होती, पण नोंदणी वारलेल्या मालकाच्या नावावर, पुस्तक हरवलेलं, वारस तीन गावांत. दोन महिन्यांनी कळलं, ती कबाड्याकडे गेली. ते ऐकून मी त्या रात्री जेवलो नाही. मालक गेला की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करायचा फॉर्म ३१ भरायचा असतो. घरात दुःख असतं, तेराव्याची धावपळ असते, गाडीचं कुणाच्या ध्यानात राहतं? पुढे ५० वर्षं झाल्यावर विंटेजची नोंदणी करायची म्हटली, की आधीची आरसीच मागतात. इंजिनाचा बोअर पुन्हा करता येतो, पिस्टन बनवून घेता येतात, पत्रा हाताने ठोकून बसवणारे लोक अजून आहेत. कागद ठोकून बसवता येत नाही.

म्हणून काटोलकडची जाहिरात दिसली तेव्हा मी पहिला प्रश्न आरसीचाच विचारला. पलीकडून बाईंचा आवाज आला, “पुस्तक आहे बापा, पेटीत. पाहा लागते.”

आज मिस्त्रीकाकांना घेऊन गेलो. संत्र्याच्या बागेच्या कडेला वाडा, आंबिया बहाराची उतरणी चाललेली, अंगणात फळांचे ढीग. गोठ्याच्या टोकाला कडब्याच्या आडोशाला ती होती. दोन दारांची हेराल्ड, चारी चाकं दगडांवर. बोनेटच्या बाजूच्या कड्या गंजून घट्ट झाल्या होत्या. काकांनी डिझेल सोडलं, हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक केलं आणि थांबले. अर्ध्या तासाने कड्या सुटल्या. मग मडगार्ड आणि दिव्यांसकट सगळं तोंडच पुढे झुकलं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं झालं. हे मी आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं. टायरवर बसून काम करता येईल इतकी जागा. काका पेचकसने चासी टोचत गेले. बाजूच्या दोन हातांवर खपली निघाली, मुख्य पट्ट्यांवर पेचकस खणखण वाजला. “हाड चांगलं आहे,” ते म्हणाले. प्लगच्या भोकांतून डिझेल सोडून ठेवलं, आठ-दहा दिवसांनी फिरवून बघू.

फोनवरच्या त्या काकू गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. “आमचे मामंजी कळमेश्वरपर्यंत हिलेच घेऊन जात,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “तुमी चालोसान का हिले, का भंगारात देसान?”

मी म्हणालो, चालवीन. माझा आवाज जरा दाटला.

पेटीतून पुस्तक निघालं. वाळवीने एक कोपरा अर्धा खाल्लेला, मालकाचं नाव अर्धं, पत्ता गेलेला. पण आत चासीचा नंबर शाईत शाबूत. गाडीवरचाही तोच निघायला हवा. मी पुस्तक ओट्यावर ठेवलं, गाडीवरची नंबरची पट्टी रॉकेलच्या चिंधीने पुसली, त्यावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. आकडे एकेक करून पांढरे वर येऊ लागले. इतका वेळ श्वास रोखून मी आयुष्यात काही केलेलं आठवत नाही.

एक आकडा मात्र नीट उठला नाही. पुस्तकात ८ आहे, माझ्या कागदावर ३ दिसतो. दिव्याखाली धरून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. डावीकडची गोलाई आहे असं एकदा वाटतं, एकदा वाटत नाही. तिथे गंजाची खपली बसली असणार. काका म्हणाले, पितळी ब्रश वापरू नको, आकडाच घासला जाईल. रॉकेलमध्ये बोळा भिजवून रात्रभर ठेवायचा, मग बांबूच्या काडीने उकरायचं.

साडेनऊला काकूंना फोन केला. पुढच्या रविवारी पुन्हा येतो, तोवर त्या पट्टीला कुणी हात लावू नये, म्हणालो. त्यांनी बोळा मघाशीच ठेवला होता. आणि वरून ताडपत्री टाकून घेतली होती, रात्री दव पडतं म्हणून.