तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्डचा आवाज खरंच भारी असतो का?

"काका, रेकॉर्डचा आवाज लय भारी राह्यते म्हन्ते, खरं का हो?"

आर्वीकडच्या एका बाजारगावात माझं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीला पुण्याहून आलेली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. कुणी माळ्यावर आजोबांच्या तबकड्या सापडल्या म्हणून येतो, कुणी ऑनलाइन मागवलेला पेटीसारखा प्लेअर काखेत घेऊन येतो. दुकानात गिऱ्हाईक असलं की मी 'हो हो' करून वाटेला लावतो. आता सवडीनं सांगतो.

मोजून बघायचं तर डिजिटल सरस आहे, त्यात वादाला जागा नाही. 1982 मध्ये सीडी आली तेव्हापासून सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची नोंद होते. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत ऐकतो, माझ्या वयाला तर त्याच्याही बऱ्याच खाली थांबतो. वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त नोंदी असल्या की मधलं काही निसटत नाही. डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या पडतात, असं लोक सांगतात. पण स्पीकरला पोचेस्तोवर आवाज पुन्हा सलग झालेला असतो. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर 96 डेसिबल मिळतं, एलपीवर, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या तबकडीवर, साठ-सत्तरच्या आसपास.

तबकडीच्या अडचणी मी रोज टेबलावर बघतो. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम वीस. तेवढ्याशा जागेत तेवढंच गाणं कोंबायचं म्हटल्यावर शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटणारच. जाड आवाजाचं वेगळंच. तो आहे तसा कोरला तर खाच इतकी हेलकावते की बाजूला गाणी मावत नाहीत आणि सुई उडते. म्हणून कोरतानाच जाड आवाज दाबतात, बारीक आवाज चढवतात आणि वाजवताना अँप्लिफायर ते उलटं करून देतो. यासाठीचं प्रमाण अमेरिकेत 1954 मध्ये ठरलं, तेच पुढे जगभर चाललं. पेटीवाल्या प्लेअरमध्ये ही सोय आतच असते. पण चांगला टर्नटेबल घेऊन पोरं त्याची वायर थेट होम थिएटरच्या ऑक्सला खुपसतात आणि मग म्हणतात, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. येईल नाही तर काय! मध्ये ते उलटं करून देणारा फोनो प्रीअँप लागतो.

आमच्याकडे आणखी एक गंमत होती. लग्नात तबकड्या जनरेटरवर वाजत. मांडवातले दिवे लागले की जनरेटर दबायचा, विजेचे हर्ट्झ उतरायचे, जुन्या प्लेअरची मोटर त्यांच्याच मागे धावणारी, त्यामुळे बाईचा आवाज हळूहळू बाप्याचा व्हायचा. झाडाला बांधलेल्या भोंग्यावर ते कुणाला खटकत नव्हतं. जेवणाच्या पंगतीत सूर कोण बघतं?

मग आजोबांची तबकडी ऐकून तुमच्या अंगावर काटा का आला? तो खोटा नाही. पण तुम्ही तिची तुलना कशाशी केली? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून चोथा झालेल्या एमपी3शी. सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट असतात, त्या फाइलीत 128, तेही दोन-तीनदा पिळलेले. त्यात कॅसेटच्या काळात जुन्या गाण्यांवर ढोलक आणि ड्रम चढवून 'झंकार बीट्स' निघाले, अनेकांच्या मोबाइलमध्ये तीच गाणी आहेत. कुठे खरखर काढता काढता बासरीतली हवाही काढून टाकलेली असते. कुठे सगळंच गाणं एकसारखं मोठं करून ठेवलंय, कुजबुज आणि किंकाळी एकाच मापाची. तबकडीवर ते गाणं स्टुडिओतून निघालं तेव्हाचं मिळतं. कान पकडतो तो हा फरक, पण लोक त्याचं श्रेय प्लास्टिकला देतात. आजकालच्या कित्येक नव्या एलपी तर डिजिटल मास्टरवरूनच, म्हणजे डिजिटल मूळ प्रतीवरूनच कोरलेल्या असतात. त्यांना दोन-तीन हजार मोजताना हे डोक्यात असू द्या. मोठं चित्र आणि हातात धरायची मजा हवी असेल तर खुशाल घ्या, माझी काही ना नाही.

माळ्यावरच्या ठेव्याचं मात्र ऐका. टिनाच्या छपराखाली ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर 45-46 अंश, टिनाखाली त्याहून जास्त. आडव्या रचलेल्या एलपी तिथं पापडासारख्या वाकतात. खालच्या खोलीत, उभ्या ठेवा. जड, पटकन फुटणाऱ्या, 78 फेऱ्यांच्या असतील तर त्या लाखेच्या. दगडाची भुकटी आणि लाख. ही लाख आपल्या पळसासारख्या झाडांवरच्या किड्याची, आणि ती हिंदुस्थानातूनच जगभर जायची. दुसऱ्या महायुद्धात तिचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत सैनिकांसाठी व्हिनाइलच्या, म्हणजे एलपीच्याच प्लास्टिकच्या तबकड्या काढाव्या लागल्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराचं पॉलिश त्यावरच चालतं. तेव्हा सॅनिटायझरनं किंवा स्पिरिटनं पुसायला जाल तर गाणं फडक्यावर येईल. नुसत्या ओल्या मऊ फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडं करा. आणि एलपीची सुई त्यावर लावू नका. 78 ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाला लोळते आणि नुसती खरखर उचलते.

पेटीवाला प्लेअर परत करता आला तर करा, त्यातले बरेचसे सुईचा भार जास्त देतात आणि खाच झिजवतात. तबकड्या माझ्याकडे घेऊन या, मी एकदा नीट वाजवून न पिळलेली वेव्ह फाइल करून पेनड्राइव्हवर देतो. एमपी3 मागू नका, फाइल मोठी होते म्हणून कुरकुरही नको. एका बाजूला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून बुधवारी येऊ नका, बाजार असतो. आणि तो पेनड्राइव्ह गाडीच्या डेकला लावून 'काका, मजा नाही आली' असा फोन कराल, तर आधी दाराच्या स्पीकरचा कागद फाटलाय का ते बघा.