आईचा आकार

आई ७३ वर्षांची आहे आणि अजूनही पहाटे तंबोऱ्याचं ॲप लावून खर्जाचा रियाज करते. तिचा आवाज माझ्या की-बोर्डवर वाजावा, असं फार दिवस मनात होतं. या पावसाळ्यात ते केलं.

पहिल्यांदा तिचा एकच 'आ' घेतला, काळी चारचा सा. तो सँप्लरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज की-बोर्डच्या पट्ट्यांवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि मूळ पट्टी ५६ लावली; त्याच्या मोजणीत हा काळी चारचा क्रमांक. ती पट्टी दाबली की हुबेहूब आई. पण पंचमावर गेले तर सहा वर्षांची मुलगी गायला लागली! कारण वरची पट्टी दाबली की सँप्लर तेच रेकॉर्डिंग जोरात पळवतो, पंचमाला जवळजवळ दीडपट. माणूस वरचा स्वर लावतो तेव्हा स्वरतंतू जलद हलतात, तोंडाची पोकळी मात्र साधारण तेवढीच राहते. पळवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये त्या पोकळीचा घुमाराही वर सरकतो, म्हणून तोंडच लहान झाल्यासारखं वाटतं. आवाजातला कंपही दीडपट घाईचा होतो.

यावर एकच उपाय मला पटला. दर तीन पट्ट्यांनी आईला पुन्हा गायला लावायचं, म्हणजे कुठलाही 'आ' एका पट्टीपलीकडे ताणावा लागत नाही. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध आणि तार सा. आई म्हणाली, "हा कुठला गं राग तुझा?" पण गायली.

आम्ही नारायण पेठेत राहतो. संध्याकाळी नदीपात्रातून ढोलपथकांचा सराव ऐकू येतो, त्यामुळे पहाटे पाचला पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून बसलो.

खरी मेहनत लूपची. पट्टी दाबून ठेवली तर 'आ' संपता कामा नये, म्हणून मधला सेकंदभराचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा. कापताना लाट शून्यावर असेल तिथेच कापायचं, नाहीतर प्रत्येक फेरीला 'टक्' होतं. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये झेड दाबलं की निवड आपोआप शून्यावर सरकते. तरीही आवाज किंचित हेलकावत होता, कारण तुकड्याच्या शेवटी आईचा दम कमी झालेला. शेवटी डिसेंट सँप्लर या माझ्या सँप्लरमध्ये लूपची दोन टोकं एकमेकांत विरघळवली, तेव्हा कुठे सांधा ऐकू येईनासा झाला. सुरुवात मात्र मी अजिबात कापली नाही. 'आ' उमटण्याआधी तिचा श्वास किंचित अडतो, आणि तिथेच ती ओळखू येते.

एक गोष्ट ट्यूनरने दाखवली. तिचा कोमल गंधार पेटीच्या पट्टीपेक्षा जरा चढा आहे. ती चूक नव्हे. पेटीचे बारा स्वर सारख्या अंतराने बसवलेले असतात, तंबोऱ्यावर गाणाऱ्याचे नसतात. मी तो तसाच ठेवला. मात्र त्यातूनच शुद्ध गंधार काढला तर तो फारच चढेल, म्हणून शुद्ध गंधार वेगळा गाऊन घेतला.

काल तिने स्वतः दोन पट्ट्या एकदम दाबल्या, सा आणि तार सा. बराच वेळ बोट उचललं नाही. मग म्हणाली, "आकार झाला. इकार कधी घेतेस?"

उद्या पहाटे पाचला.