तुम्ही विचारलंत म्हणून : पेगीबाईंनी वाट पाहिली का?

मुलांच्या नाट्यशिबिरात मी ब्रिटिश अभिनेत्री पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. परवा मुलीला न्यायला आलात तेव्हा तुम्हीही विचारलंत. "ताई, त्या बाईंना ऑस्कर मिळालं ७७व्या वर्षी. तोपर्यंत नाटकात काय, नुसती वाटच बघायची?" तुमच्या आवाजात मुलीची काळजी होती. दारात उभ्या उभ्या दिलेलं माझं उत्तर तोकडं पडलं. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

बाईंचा जन्म १९०७चा, लंडनजवळच्या क्रॉयडनमधला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. १९२६ साली बर्मिंगहॅमला पहिली व्यावसायिक भूमिका केली, आणि १९३० मध्ये, बावीस वर्षांच्या असताना, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात शेक्सपिअरच्या नाटकात पॉल रोब्सन यांच्या ऑथेल्लोसमोर त्याची बायको डेस्डिमोना. गोरी मुलगी रंगमंचावर एका कृष्णवर्णीय नटाच्या मिठीत दिसते म्हणून त्यांना द्वेषाने भरलेली पत्रं आली. त्या वयात हे सोसून त्या रोज संध्याकाळी प्रयोगाला उभ्या राहत होत्या. मला त्यांच्याबद्दलचा आदर तिथपासून आहे.

१९३५ मध्ये ज्युलिएट. जॉन गीलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे दोन नट आलटून पालटून रोमिओ नि त्याचा मित्र मर्क्युशिओ करत होते, म्हणजे समोरचा रोमिओ मध्येच बदलायचा आणि ज्युलिएट मात्र तीच! त्याच वर्षी हिचकॉकच्या 'द थर्टी नाइन स्टेप्स'मध्ये त्या दिसतात. स्कॉटलंडमधल्या एका शेतकऱ्याची दबलेली बायको, पडद्यावर जेमतेम काही मिनिटं. नवऱ्याचा कोट ती नायकाला देते आणि तोच कोट पुढे त्याचा जीव वाचवतो. तेव्हा सिनेमाचं दार त्यांना बंद नव्हतं. त्यांचा जीव रमायचा तो एका संचात, वर्षानुवर्षं त्याच माणसांबरोबर तालीम करण्यात. आपल्या जुन्या नाटक मंडळ्या आठवल्या की मला ही ओढ चटकन कळते. दिग्दर्शक पीटर हॉल यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनी उभी केली तेव्हा बाई सुरुवातीपासून तिच्यात होत्या. तोवर त्यांना 'डेम' हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला होता, आणि १९६२ साली क्रॉयडनमधल्या नव्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव दिलं गेलं.

१९६३ला याच कंपनीने 'द वॉर्स ऑफ द रोझेस' केलं. शेक्सपिअरची राजांवरची नाटकं जोडून केलेला तीन भागांचा प्रयोग. त्यात बाई राणी मार्गारेट. पहिल्या भागात फ्रान्सहून आलेली नवी नवरी, शेवटच्या भागात सगळं गमावून शिव्याशाप देत फिरणारी म्हातारी. स्वतःचं वय तेव्हा ५५! मधल्या एका प्रवेशात ती कैद केलेल्या शत्रूच्या, यॉर्कच्या, डोक्यावर कागदी मुकुट ठेवते आणि त्याच्याच पोराच्या रक्तात भिजलेला रुमाल डोळे पुसायला देते. बीबीसीने हा प्रयोग टीव्हीसाठी चित्रित केला, म्हणून तो आपल्याला आजही बघता येतो. बाकीचं बहुतेक सगळं त्या त्या रात्रीच्या प्रेक्षकांबरोबर गेलं. म्हणून तर लांबून बघणाऱ्याला वाटतं, की मधली वर्षं रिकामीच होती.

त्यानंतर सॅम्युएल बेकेटच्या 'हॅपी डेज' नाटकातली विनी. पहिल्या अंकात ती कमरेपर्यंत मातीत गाडलेली असते, दुसऱ्यात गळ्यापर्यंत. नटीपाशी उरतात ते डोळे, ओठ आणि आवाज. १९७६ साली, लंडनमधल्या नॅशनल थिएटरच्या नव्या इमारतीत, ६८ वर्षांच्या बाई ही भूमिका करत होत्या. हे वाचल्यापासून मी मुलांना खुर्चीत बसवते आणि खांद्यापर्यंत चादर गुंडाळून उतारा म्हणायला लावते.

आता तो ऑस्करचा सिनेमा. डेव्हिड लीन यांचा 'अ पॅसेज टू इंडिया', १९८४. त्यात बाई मिसेस मूर झाल्या. दिग्दर्शकही बाईंच्याच वयाचे, जेमतेम तीन महिन्यांनी लहान. कथेतल्या मराबारच्या गुहांचं चित्रण बंगळूरजवळच्या खडकांत झालं. पण मी मुलांना दाखवते तो मशिदीतला प्रवेश. रात्रीची वेळ. अंधारात मिसेस मूर दिसते तसा व्हिक्टर बॅनर्जींचा डॉक्टर अझीझ चिडतो. बूट काढायला हवे होते, म्हणतो. ते तिने आधीच काढलेले असतात. कोणी बघत नव्हतं तरी काढले, कारण देव इथे आहे, एवढंच ती सांगते. आवाज चढत नाही, हात हलत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा ती मातीत गाडलेली विनी येते. त्याच वर्षी 'द ज्युएल इन द क्राउन' या मालिकेत त्यांनी मिशनरी शिक्षिका बार्बी केली. ती भूमिका मला मिसेस मूरपेक्षाही मोठी वाटते.

ऑस्करच्या सोहळ्याला बाई नव्हत्या. त्यांच्या वतीने अँजेला लॅन्सबरी यांनी ते स्वीकारलं. १९८८ मध्ये 'मादाम सूझात्स्का'त त्या दिसल्या. त्यात आपल्या शबाना आझमीही आहेत. १९९१ साली बाई गेल्या.

तुमच्या लेकीचं सांगते. पहिल्या दिवशी तिचे हात चादरीखाली सारखे वळवळत होते, दोन वाक्यांतच तिला रडू आलं. काल तिने पूर्ण उतारा म्हटला आणि एका ठिकाणी अशी थांबली, की मागे कुजबुजणारी मुलं गप्प झाली. शनिवारी सकाळी ती पुन्हा म्हणणार आहे. या वेळी दाराशी थांबू नका, आत येऊन बसा.