कॉन्टेसा, नोंद सातवी : इंजिन इसुझूचेच राहणार

मागच्या नोंदीला साडेतीन महिने झाले. या काळात इंजिन गाडीतून उतरले, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये जाऊन परत आले आणि ज्या प्रश्नापाशी मी वर्षभर अडलो होतो, त्याचाही निकाल लागला. माझी गाडी 1990 ची कॉन्टेसा क्लासिक आहे, इसुझूच्या 1.8 लिटर पेट्रोल इंजिनाची. तिच्यात टोयोटाचे मोठे सहा सिलिंडरचे इंजिन बसवावे, असा आमच्या गटातल्या तिघांचा आग्रह होता आणि काही महिने तो मलाही पटलेला होता.

त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नव्हते. कॉन्टेसाचा देह मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. 1972 पासूनच्या त्या मालिकेत तिकडे 2.3 लिटरचे इंजिन मिळत असे आणि तिच्याच व्हेन्टोरा या भावंडात तर 3.3 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने त्याच देहात आधी ॲम्बेसेडरचे 1.5 लिटरचे, जेमतेम 50 अश्वशक्तीचे इंजिन घातले आणि पुढे इसुझूचे 88 अश्वशक्तीचे इंजिन आले, तेव्हा कुठे तिच्या रूपाला शोभेल अशी चाल तिला मिळाली. ‘कंपनीनेच इंजिन बदलले, मग तू कोणते मूळपण जपतो आहेस?’ असे मित्राने विचारले, तेव्हा माझ्याकडे खरोखर उत्तर नव्हते.

ते मिळाले सुट्या भागांसाठी घेतलेल्या दुसऱ्या कॉन्टेसात. पाथर्डी फाट्याजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर ती उभी होती. कोणीतरी मोठे इंजिन बसवायला घेऊन काम अर्ध्यावर सोडले होते. दारे, काचा आणि डिकीचे झाकण चांगले दिसले म्हणून मी ती उचलली. घरी आणून पुढच्या सीट आणि मॅटिंग काढले आणि खालचा पत्रा बघून थांबलो. मोठा गिअरबॉक्स मावावा म्हणून गिअर लिव्हरच्या पुढे टनेलचा, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या फ्लोअरच्या उंचवट्याचा, पत्रा ग्राइंडरने उभा चिरून दोन्हीकडे उलगडला होता आणि वर जाड लोखंडी पट्टी ठेवून जागोजाग वेल्डिंगचे टाके मारले होते. टाक्यांच्या आसपासचे डांबरी अस्तर जळून गेले होते. तिथून पाणी शिरून गंज दोन्ही बाजूंच्या फ्लोअरपर्यंत पोहोचला होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे इंजिनाखालची आडवी तुळईही कापून खाली घेतलेला होता. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे मधला कणाच चिरल्यावर सारा देह ढिला पडतो. उजवे मागचे दार लावून मी फट मोजली, तर ती वर 4 मिलिमीटर आणि खाली 9 मिलिमीटर भरली. माझ्या गाडीत त्याच दाराची फट वर-खाली 5 आहे.

डेंटर काकांना विचारले, की हे पूर्ववत होईल का. ते बराच वेळ गाडीखाली पडून बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, “पत्रा मी जोडून देईन, साहेब. पण कंपनीने जिगच्या साच्यावर धरून वेल्डिंगचे जे स्पॉट मारले होते, ते कुठून आणू?”

त्यानंतर माझी भूमिका पक्की झाली. मूळपण इंजिनावर ठरत नाही, ते पत्र्यात आहे. इंजिन उतरवले तर पुन्हा चढवता येते. कापलेला सांगाडा परत येत नाही, आणि असे न कापलेले देह दरवर्षी कमीच होत जाणार आहेत. पत्रा न कापता, वेल्डिंग न करता, केवळ नटबोल्टांवर जे बसेल आणि तसेच उतरेल, तेवढेच बदल मी करणार आहे. ज्या गाडीचा सांगाडा आधीच कापला गेला आहे, तिच्यात मात्र कोणी खुशाल मोठे इंजिन घालावे. तिचे जे व्हायचे होते, ते होऊन गेले आहे.

कायद्याची बाजूही बघावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, इंजिन बदलायचे तर आरटीओची आगाऊ परवानगी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. शिवाय 2021 च्या नियमांनी 50 वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी खुली केली आहे, पण तिला चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. माझ्या गाडीला ती वेळ 2040 मध्ये येईल.

आता इंजिनाविषयी. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) 84 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 82 मिलिमीटर. झीज पाहता 0.25 मिलिमीटरच्या ओव्हरसाइजवर, म्हणजे तेवढ्या मोठ्या पिस्टनवर, भागले असते, परंतु पहिल्या दुकानात पिस्टन हातात येण्याआधीच बोअर मारला गेला, फट जास्त झाली आणि मला 0.50 वर जावे लागले. हे मला फार लागले, कारण ब्लॉकचे आयुष्य त्यामुळे एका पायरीने कमी झाले. दुसऱ्या दुकानात प्रत्येक पिस्टन मोजून त्या-त्या सिलिंडरचे होनिंग, म्हणजे आतून बारीक घासकाम, केले. तिथले काम उत्तम आहे. क्षमता 1817 वरून 1839 सीसी झाली. टायमिंग चेन आणि टेन्शनर नवे घातले आहेत.

द्वारका चौकात उन्हाळ्यात अडकल्यावर तापमानाचा काटा वर चढत असे, म्हणून विजेवरचा पंखा बसवतो आहे. हेडलाइटला रिले दिले आहेत. मूळ वायरिंग तोडलेले नाही, नवा हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, जुन्याच सॉकेटमध्ये बसतो. जुना पंखा आणि त्याचे चारही बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवले आहेत.

इंजिन रविवारी गाडीत चढेल. गिअरबॉक्सचा मागचा रबर माउंट तेवढा अजून मिळालेला नाही. कोणाकडे न वापरलेला असेल, तर जरूर कळवावे.