गुडघा बदलला, आता वाकवायचा कोणी?

आईच्या उजव्या गुडघ्याची रिप्लेसमेंट झाल्यापासून अर्धा नौपाडा मला एकच विचारतोय, फिजिओ कुठली मशीन लावते? मशीन नाही लावत हो, म्हटलं की चेहरेच पडतात. फिजिओ म्हणजे शेक नाहीतर करंट हे डोक्यात इतकं फिट बसलंय की नुसते व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला पैसे कशाचे द्यायचे, असंच वाटतं लोकांना. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ते ठीक, पण पायात ताकद काय त्याने येत नाही.

खरी भानगड मांडीत असते. ऑपरेशननंतर गुडघ्याला सूज येते आणि सूज आली की मांडीचा पुढचा मोठा स्नायू, तो क्वाड्रिसेप्स, काम करायचंच सोडतो, म्हणजे आई अगदी जीव खाऊन पाय ताठ करायला जायची आणि पाय ढिम्म. म्हणून पहिला व्यायाम दिसायला एकदम फालतू, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घ्यायची, दाबून धरायची, पाच मोजायचे, सोडायची. शिवाय पावलं वरखाली, कारण नुसतं पडून राहिलं तर पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती. मग टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा, आणि तेव्हा आईने त्या मुलीला जे काही ऐकवलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शांत. "काकू, दुखतंय की ओढ बसतेय?" ओढ असेल तर चालू ठेवा, कळ आली तर थांबा.

सगळ्यात जास्त भांडणं उशीवरून झाली. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, म्हणून मावशी येता जाता उशी सरकवणार, आणि पाय तासन् तास तसाच राहिला की गुडघा वाकलेलाच आखडतो, पूर्ण सरळ होत नाही, मग चालताना लंगडणं आलंच. उशी घ्यायचीच तर टाचेखाली! मी कागदावर लिहून पलंगाला चिकटवलं, पण मावशी ती मावशीच.

फिजिओ दर वेळी गोनिओमीटर लावून गुडघा किती वाकतो ते मोजते. सपाट रस्त्यावर चालायला साधारण 60-70 अंश पुरतात, जिन्याला 90 च्या आसपास लागतात, बुटक्या खुर्चीवरून उठायला त्याहूनही जास्त. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, त्यामुळे 90 आल्याशिवाय जांभळी नाक्याची भाजी विसरा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आई हे प्रत्येक पायरीला मोठ्याने म्हणते, तळमजल्यावरच्या काकांचंही पाठ झालंय.

आता ती काठी घेऊन बाजारात जाते, रिक्षात चढते, भाव करते. जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही असं सर्जननी सांगितलंय, तेवढा एक राग आहे, गणपतीत आरतीला खुर्ची म्हणजे तिला अपमानच वाटतो.

डाव्या गुडघ्याचा नंबर दिवाळीनंतर. यावेळी फिजिओने व्यायाम आत्तापासूनच लावलेत, ऑपरेशनला जाताना मांडीत जेवढी ताकद असेल तेवढं नंतर उठणं सोपं जातं म्हणे. आई रोज टीव्हीसमोर बसून डावा पाय सरळ उचलून धरते, आणि जाहिराती लागल्या की सोडते.