सड्यावर काय बघायचंय?

जूनअखेरीस बाईकवर रत्नागिरीवरनं पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला गेलो. पाऊस नुकता लागलेला. लोक इथे कनकादित्याच्या देवळात येतात, मला सडा बघायचा होता, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वाटेत रस्ता विचारला तर एक आजोबा म्हणाले, "सड्यावर काय बघायचंय तुम्हाला, नुसता कातळ तो!" मे महिन्यात कुणालाही तसंच वाटेल म्हणा, पाय भाजतात नुसते.

पण पहिल्या पावसात जांभ्याच्या भेगांमधल्या बोटभर मातीतनं दीपकाडी वर येते, पांढरी, लांब नळीची फुलं, आणि ती कोकणातल्या असल्या सड्यांवरच वाढते. कातळावर साचलेल्या डबक्यांत बेडूक, आणि दगडांखालच्या ओल्या मातीत देवगांडूळ, जो गांडूळ नाही, बेडकांचा बिनपायाचा भाऊबंद आहे. त्याची एक जात रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावातनं 2003 मध्ये जगाला नवीन म्हणून कळली! असल्या जातींचं अख्खं जग म्हणजे हे थोडे सडे, तेवढे गेले की राहायला दुसरीकडे जागाच नाही.

आणि ते जातायत. कुठे चिरेखाण, कुठे सुरुंग लावून खड्डे, त्यात डंपरने आणलेली माती आणि वर हापूसची कलमं. कलमं लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, त्याचं घर त्यावर चालतं. पण कातळ एकदा बुजला की भेग गेली, डबकं गेलं, आणि उरलेले तुकडे एकमेकांपासून इतके लांब पडतात की एका तुकड्यावरची दीपकाडी मेली तर दुसरीकडनं बी येणार कसं.

कशेळीच्या सड्यावर कातळात खोदलेला हत्तीही बघाच, जवळजवळ 18 मीटर लांब, पोटात आणखी प्राणी. कोकणातल्या असल्या जुन्या कातळशिल्पांत गेंडासुद्धा आहे बरं का, आज इथे गेंडा कुठला! ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि काही ठिकाणी त्यांच्याभोवती चिऱ्यांचे कठडे झालेत. चांगलंच आहे, फक्त कठड्याबाहेरच्या दीपकाडीला कुणी वाली नाही आणि तो चिराही कुठल्यातरी सड्यातनंच कापलेला.

तिथनं आडिवरे करून देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं शिल्पही बघितलं. जाणार असाल तर गाडी रस्त्यावरच ठेवा, सड्यावर घालू नका. पावसाळा सरता सरता गेलात तर दीपकाडी नाही मिळणार, तेव्हा सीतेची आसवं आणि गेंद ही फुलं असतात.